चष्म्याविना त्रिमितीय पडदा : चित्र सुस्पष्ट करण्याचा क्रम

कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातल्या एखाद्या सराफाला आपल्या पेढीतला कोल्हापुरी साज शोकेसमधून बाहेर न काढता ग्राहकाला खोलीसह दाखवायचा असेल, म्हणजे ग्राहकाने मान डावी-उजवीकडे हलवली की साजाच्या पानांच्या कडाही थोड्या थोड्या उघड होतील अशा रीतीने, तर त्यासाठी आज फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक फोर-के मॉनिटर, त्यावर बसवलेली लेंटिक्युलर शीट (बारीक भिंगपट्ट्यांची पारदर्शक प्लॅस्टिक शीट, जी दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवते) आणि वेगवेगळ्या जागांवरून काढलेली डझनभर छायाचित्रे एवढ्या सामग्रीवर चष्म्याविना त्रिमितीय चित्र उभे राहते. मात्र पहिल्या प्रयत्नातले चित्र बहुधा बघवत नाही. कडा दुहेरी दिसतात, पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात आणि पाच मिनिटांत डोळे थकतात. अशा वेळी नवखा माणूस मॉनिटरला दोष देऊन अधिक महागाचा मॉनिटर शोधू लागतो, आणि तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो. दोष साधारणपणे सिग्नल, नाभी (भिंग जिथे प्रकाश एकवटते ती जागा), पिच (भिंगपट्टीच्या रुंदीचा पडद्यावरच्या ठिपक्यांशी मेळ) आणि चित्रातली खोली या चार ठिकाणी असतो आणि तो याच क्रमाने शोधावा लागतो, कारण आधीची जागा दुरुस्त झाल्याशिवाय पुढची चाचणी विश्वासार्ह ठरत नाही.

या पद्धतीची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक आइव्हज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बारीक उभ्या फटींच्या जाळीतून दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवली होती आणि १९०८ मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी लहान लहान भिंगांच्या पृष्ठभागाची कल्पना मांडली. फटींची जाळी बराच प्रकाश अडवते आणि दृश्यांची, म्हणजे वेगवेगळ्या जागांवरून दिसणाऱ्या चित्रांची, संख्या वाढवावी तसा पडदा काळवंडत जातो. भिंगे प्रकाश अडवत नाहीत, फक्त वळवतात. म्हणून दुकानातल्या उजेडात भिंगांची शीटच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे सर्व आकडे एका ठरावीक जोडणीचे आहेत. मॉनिटर २७ इंची, ३८४० × २१६० पिक्सेलचा असून त्याच्या चित्राची रुंदी सुमारे ५९७ मिमी आणि उंची ३३६ मिमी आहे. एका पिक्सेलची रुंदी ०.१५५४ मिमी भरते आणि त्यातल्या लाल, हिरव्या व निळ्या सबपिक्सेलची प्रत्येकी ०.०५१८ मिमी. शीट इंचाला ४० भिंगपट्ट्यांची, २.१ मिमी जाडीची आणि १.५६ अपवर्तनांकाच्या प्लॅस्टिकची धरली आहे. वाचकाचे साहित्य वेगळे असेल तर त्याने आपले आकडे त्याच सूत्रांत घालावेत.

पायरी १ : बघणारा कुठे उभा राहणार ते आधी ठरवावे

हा निर्णय शेवटी घेता येत नाही. गल्ल्यासमोर बसलेला ग्राहक पडद्यापासून साधारण ७० सेंमीवर असतो, तर रस्त्यावरून शोकेसकडे बघणारा दीड-दोन मीटरवर. भिंगपट्ट्यांखाली सबपिक्सेल कसे वाटायचे याचा सगळा हिशेब या अंतरावर अवलंबून असल्यामुळे ७० सेंमीसाठी जुळवलेला पडदा दोन मीटरवरून बघितला तर त्याच्या डाव्या आणि उजव्या टोकाला वेगवेगळी दृश्ये दिसू लागतात. दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना खूश करण्याच्या नादात मधले कुठलेतरी अंतर निवडू नये. खाली सर्वत्र ७० सेंमी धरले आहेत.

पायरी २ : सिग्नलची वाट स्वच्छ करावी

या पायरीला पैसा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही. लेंटिक्युलर पडद्यावर शेजारशेजारचे तीन सबपिक्सेल तीन वेगळ्या दृश्यांचे असतात, त्यामुळे संगणकाने पाठवलेला प्रत्येक सबपिक्सेल पडद्यावर आपल्याच जागी, आपल्याच तेजाने उमटला पाहिजे. संगणकाच्या सेटिंगमध्ये स्केलिंग १०० टक्के ठेवावे, मॉनिटरची शार्पनेस वाढवणारी, कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारी आणि डोळ्यांसाठी निळा प्रकाश घटवणारी सर्व सोंगे बंद करावीत, आणि मॉनिटरऐवजी टीव्ही वापरला असेल तर चित्राच्या कडा कापणारी ओव्हरस्कॅनची सोय आवर्जून बंद करावी.

सर्वांत मोठा चोर मात्र रंगाच्या माहितीची काटछाट हा असतो. अनेक टीव्ही आणि जुन्या केबली फोर-के चित्र नेताना शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकत्र करून पाठवतात. सिनेमा बघताना ते लक्षातही येत नाही, पण इथे त्यामुळे दृश्येच एकमेकांत कालवली जातात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. शीट न लावता पडद्यावर एक स्तंभ शुद्ध लाल आणि एक शुद्ध निळा असा एकेका पिक्सेलचा नमुना दाखवावा आणि दागिन्यांच्या भिंगातून बघावे. लाल-निळे स्तंभ सुटे दिसले तर वाट स्वच्छ आहे; सगळीकडे गढूळ जांभळे दिसले तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये पूर्ण आरजीबी, म्हणजे ४:४:४, निवडावे. जुनी केबल तेवढी माहिती ६० हर्ट्झला वाहू शकत नसेल तर ३० हर्ट्झवर उतरावे. स्थिर दागिन्याच्या चित्राला तेवढे पुरते. त्याच भिंगातून सबपिक्सेलांचा क्रम लाल-हिरवा-निळा आहे की उलटा आहे तेही बघून ठेवावे. सर्व दृश्यांचे सबपिक्सेल एकमेकांत विणून तयार झालेली अंतिम फाइल नेहमी पीएनजी स्वरूपात साठवावी, कारण जेपीईजी हीच रंगांची भेसळ फाइलमध्ये कायमची करून ठेवते.

पायरी ३ : भिंगाची नाभी पिक्सेलवर आणावी

बाजारात मिळणाऱ्या लेंटिक्युलर शीट मुख्यतः छपाईसाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या भिंगाची नाभी शीटच्या सपाट पाठीवर पडते, कारण छापील चित्र तिथेच चिकटवायचे असते. नवखा माणूस अशी शीट भिंगे बाहेर ठेवून मॉनिटरवर टेकवतो आणि पाठ पडद्याला लागली म्हणजे काम झाले असे समजतो. पण मॉनिटरचे पिक्सेल पृष्ठभागावर नसतात. त्यांच्यावर ध्रुवक पटल आणि काच मिळून साधारण ०.७ मिमीचा थर असतो, म्हणजे नाभी पिक्सेलच्या अलीकडेच पडते.

याने किती नुकसान होते ते मोजता येते. शीटची जाडी भागिले अपवर्तनांक, म्हणजे २.१ ÷ १.५६ = १.३५ मिमी, हे भिंगाचे हवेतले नाभीय अंतर होय. पिक्सेलवरच्या ०.७ मिमी थराचा अपवर्तनांक १.५ धरला तर हवेच्या हिशेबात तो ०.४७ मिमी भरतो आणि नाभी तेवढीच चुकते. भिंगपट्टीची आडवी रुंदी ०.६४४ मिमी आहे (ती ०.६३५ का नाही ते पुढच्या पायरीत येईल). म्हणून पिक्सेलवर पडणाऱ्या धूसर पट्ट्याची रुंदी ०.६४४ × ०.४७ ÷ १.३५, म्हणजे ०.२२ मिमी होते. एवढ्या जागेत चारहून अधिक सबपिक्सेल बसतात. आता ७० सेंमीवर एका भिंगपट्टीतून निघणाऱ्या प्रकाशाचा पंखा सुमारे ३३ सेंमी रुंद पसरतो आणि त्यात १२ दृश्ये भरली तर प्रत्येकाच्या वाट्याला २८ मिमी येतात. माणसाच्या दोन डोळ्यांतले अंतर सरासरी ६३ मिमी असल्याने त्याचे दोन डोळे जेमतेम सव्वादोन दृश्यांनी वेगळे असतात. ज्या पडद्यावर चार दृश्ये एकमेकांत मिसळली आहेत तिथे डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळे चित्र मिळणार तरी कसे?

उपाय असा की शीट उलटी करून भिंगांची बाजू पडद्याकडे करावी आणि मध्ये हवेचे मोजके अंतर सोडावे. १.३५ मधून काचेच्या थराचे ०.४७ वजा केले की भिंगाच्या माथ्यापासून मॉनिटरच्या पृष्ठभागापर्यंत ०.८८ मिमी अंतर हवे असे उत्तर येते. चारही बाजूंना एकसारख्या जाडीच्या पट्ट्या लावून ते साधता येते. शीट मध्यभागी फुगते किंवा आत दबते, म्हणून तिच्या बाहेरच्या बाजूला सपाट काच ठेवून सगळे ॲल्युमिनियमच्या चौकटीत आवळावे. ही चौकट आणि पट्ट्या कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही नीटनेटक्या कारखान्यात करून मिळतील. चित्रपटाचा स्वदेशी कॅमेरा बाबूराव पेंटरांनी ज्या गावात घडवला, तिथे दशांश मिलिमीटरची पट्टी तासून घेणे अवघड जायला नको. मात्र मोजमाप तोंडी सांगू नये. व्हर्नियरने मोजून, कागदावर लिहून द्यावे आणि पट्टी हातात पडल्यावर चारही कोपऱ्यांत पुन्हा मोजावी.

पायरी ४ : तिरपेपणा आणि पिच

भिंगपट्ट्या अगदी उभ्या बसवल्या तर दोन दोष उद्भवतात. सबपिक्सेलांमधल्या काळ्या रेषा भिंगांतून मोठ्या होऊन डोके हलवताना काळे पट्टे सरकताना दिसतात, आणि स्पष्टतेची सगळी किंमत आडव्या दिशेनेच मोजावी लागते. म्हणून पट्ट्या उभ्या रेषेपासून ९.४६ अंशांनी कलत्या ठेवतात. या कोनात प्रत्येक खालच्या ओळीला भिंग बरोबर अर्धा सबपिक्सेल बाजूला सरकते, त्यामुळे काळ्या रेषा एकमेकींना झाकतात आणि तोटा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांत वाटला जातो. कलल्यामुळे ०.६३५ मिमीची पट्टी आडवी मोजल्यास ०.६४४ मिमी भरते. शीट विकत घेताना हे लक्षात ठेवावे की ५९७ × ३३६ मिमीचा कलता तुकडा कापण्यासाठी मूळ शीट निदान ६४५ × ४३० मिमीची लागते.

पडद्यापासून ७० सेंमीवरच्या डोळ्याला भिंगाखालचे अंतर किंचित वाढून दिसते, सुमारे ०.१९ टक्के. तो हिशेब धरून एका भिंगपट्टीखाली १२.४५ सबपिक्सेल येतात. पूर्णांक येत नाही म्हणून घाबरू नये. विणकाम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सबपिक्सेलचा आडवा क्रमांक घ्यायचा, ओळीमागे अर्धा याप्रमाणे त्यात भर किंवा घट करायची, १२.४५ ने भागून उरलेला अपूर्णांक १२ ने गुणायचा आणि येईल ते त्या सबपिक्सेलचे दृश्य मानायचे.

हा १२.४५ आकडा शीटच्या वेष्टनावरून काढलेला आहे, आणि वेष्टनावर विसंबून चालत नाही. म्हणून चाचणी घ्यावी. प्रत्येक भिंगपट्टीखाली अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा येईल असा नमुना दाखवून, एक डोळा मिटून, ७० सेंमीवरून बघावे. आकडा बरोबर असेल तर मान हलवताच सबंध पडदा एकदम काळ्याचा पांढरा होतो. चूक असेल तर पडद्यावर काळे-पांढरे पट्टे दिसतात, आणि ते पट्टेच काय चुकले ते सांगतात. पट्टे भिंगांना समांतर असतील तर पिच चुकला आहे. भिंगांना आडवे असतील तर कोन चुकला आहे. तिरपे असतील तर दोन्ही. पडद्याच्या रुंदीत साधारण ९२७ भिंगपट्ट्या मावतात, त्यामुळे काळ्या-पांढऱ्याची एक पूर्ण जोडी दिसली म्हणजे पिचमध्ये सुमारे ०.१ टक्का चूक समजावी. कोनाच्या बाबतीत अंशाचा दहावा भागही एक पूर्ण जोडी उभी करतो. एवढी बारीक दुरुस्ती हाताने शीट फिरवून होत नाही. शीट अंदाजाने नीट बसवून घट्ट करावी आणि उरलेला कोन व पिच प्रोग्रॅममध्ये थोडे थोडे बदलून पट्टे घालवावेत.

इथे हवामान आडवे येते. शीटचे प्लॅस्टिक तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे सात भागांनी वाढते, तर मॉनिटरची काच त्या मानाने फारच थोडी. मार्च-एप्रिलमध्ये कोल्हापुरात पहाटे आणि दुपारी तापमानात १५ अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने ५९७ मिमीची शीट सुमारे ०.६३ मिमीने वाढते, म्हणजे जवळजवळ एका भिंगपट्टीइतकी, आणि सकाळी स्वच्छ जुळवलेल्या पडद्यावर दुपारी एक पूर्ण पट्टा उमटतो. मॉनिटरची स्वतःची उष्णता यात भर घालते. म्हणून पडदा निदान अर्धा तास चालू ठेवून, दुकान ज्या वेळी गजबजलेले असते त्या वेळच्या तापमानात जुळणी करावी, शीटला चौकटीत चहूबाजूंनी चिकटवू नये, वरच्या कडेला मधोमध धरून बाकी बाजूंना वाढायला जागा ठेवावी, आणि सकाळ-दुपारचे दोन आकडे प्रोग्रॅममध्ये वेगळे साठवावेत.

पायरी ५ : मिसळ मोजावी

एका डोळ्यासाठी असलेले चित्र दुसऱ्या डोळ्याला दिसणे याला क्रॉसटॉक म्हणतात. ‘आता बरे दिसते’ या शेऱ्यावर समाधान मानू नये, कारण तासभर त्याच पडद्याकडे बघणाऱ्या डोळ्यांना सगळेच बरे दिसू लागते.

बारापैकी एकच दृश्य पांढरे आणि बाकी सर्व काळी ठेवावीत. फोनचा कॅमेरा मॅन्युअल मोडवर, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करून, ७० सेंमीवर पडद्याला समांतर अशा पट्टीवरून एकेक सेंटिमीटर सरकवत ३३ सेंमीच्या पट्ट्यात फोटो घ्यावेत. खोलीत अंधार हवा, आणि सर्व दृश्ये काळी ठेवून घेतलेला एक फोटो वजाबाकीसाठी हवा. पडद्याच्या मध्यावरचे तेज कागदावर मांडले की एक टेकडी मिळते. फोटोतल्या पिक्सेलची किंमत प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसते हे मात्र विसरू नये. २५५ पैकी ६४ ही किंमत पाव प्रकाश वाटते, प्रत्यक्षात ती पाच टक्क्यांच्या आसपास असते. किंमत २५५ ने भागून तिचा २.२ वा घात घेतला की खऱ्या प्रकाशाचा पुरेसा अंदाज येतो.

टेकडीच्या शिखरापासून ६३ मिमी दूर शिखराच्या किती टक्के प्रकाश उरतो तेवढा एक आकडा टिपून ठेवावा. पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम समजावे, दहाच्या पुढे गेला तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या सोन्याची दुहेरी कड नक्की दिसणार. टेकडी रुंद असेल तर पायरी ३ कडे परत जाऊन नाभीचे अंतर बदलावे. टेकडी अरुंद असूनही तिच्या पायथ्याशी सर्वत्र उजेड उरत असेल तर भिंगांवरची धूळ, बोटांचे ठसे किंवा पायरी २ मधली रंगांची भेसळ यांपैकी काहीतरी राहून गेले आहे. पडद्याच्या दोन टोकांना टेकडीची जागा वेगळी निघाली तर पिच बिघडला आहे.

पायरी ६ : चित्रात झेपेल तेवढीच खोली ठेवावी

यंत्र कितीही नीट जुळवले तरी या पडद्याची झेप मर्यादित आहे. ८२ लाख ९४ हजार पिक्सेल १२ दृश्यांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सात लाखांहून कमी येतात. शेजारच्या दोन दृश्यांत एखादा बिंदू एका भिंगपट्टीपेक्षा अधिक सरकला की तो फाटून दिसतो. २८ मिमी आणि ०.६४४ मिमी या आकड्यांवरून हिशेब केला तर तीक्ष्ण दिसणारी खोली पडद्यामागे सुमारे १७ मिमी आणि पुढे १६ मिमी निघते. ही सव्वातीन सेंटिमीटरची पेटी ऐकायला छोटी वाटते, पण साज तीत आरामात मावतो. चंद्र, मासा, कासव अशा पानांची ओळ पडद्याच्या पृष्ठभागावर येईल आणि मधला फुगीर भाग किंचित पुढे येईल अशी मांडणी करावी. पुतळ्याची मान, मागचा पडदा असे जे खोलवर जाते ते आधीच हलके धूसर करून घ्यावे. ते नंतर फाटून दिसण्यापेक्षा धूसर बरे.

छायाचित्रे काढताना कॅमेरा एका सरळ रुळावरून २८ मिमीच्या टप्प्यांनी सरकवावा. बारा जागांना सुमारे ३१ सेंमी रूळ पुरतो. कॅमेऱ्याचे तोंड दर वेळी दागिन्याकडे वळवू नये, त्याने चौकटीचा आकार कोपऱ्यांत बिघडतो आणि दोन डोळ्यांच्या चित्रांत उभा फरक येतो, जो डोळ्यांना सर्वांत जास्त टोचतो. तोंड समोरच ठेवावे आणि चित्रे नंतर संगणकावर आडवी सरकवून पानांच्या ओळीवर जुळवावीत. एलईडी दिव्यांच्या लुकलुकीमुळे बारा फोटोंचे तेज कमीजास्त होऊ नये म्हणून शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवावे.

सोन्यात आणखी एक अडचण आहे. त्याच्या मण्यावरची चकाकी स्वतः जागा बदलते, आणि एका दृश्यात असलेला झगझगीत बिंदू पुढच्या दृश्यात नाहीसा झाला की पडदा खराब असल्यासारखा भास होतो. दिव्यांसमोर बटर पेपर किंवा पांढरे सुती कापड ताणून प्रकाश पसरवला की ही चकाकी मोठी आणि मऊ होते व एका दृश्यातून दुसऱ्यात सावकाश सरकते. पार्श्वभूमीला काळे मखमल टाळावे. सराफांना ते आवडते हे मान्य, पण पिवळ्याधमक सोन्यामागे निखळ काळे म्हणजे क्रॉसटॉकला आमंत्रण. मध्यम गडद मरून कापडावर तीच मिसळ डोळ्याला जाणवत नाही.

पायरी ७ : उरलेली मिसळ गणिताने वजा करावी

पायरी ५ मधल्या टेकडीवरून कोणत्या दृश्याचा किती टक्के प्रकाश शेजाऱ्यात सांडतो ते कळलेले असते, तेवढा तो शेजाऱ्याच्या चित्रातून आधीच वजा करता येतो. ही वजाबाकी प्रकाशाच्या खऱ्या किमतींवर करावी, फाइलमधल्या किमतींवर नव्हे. काळ्यातून वजा करायला काही उरत नसल्याने चित्राचा काळा भाग थोडा वर उचलावा लागतो आणि कॉन्ट्रास्ट तेवढा घटतो. म्हणून हा उपाय दोन-चार टक्क्यांच्या उरलेल्या मिसळीपुरताच वापरावा. चुकलेली नाभी याने झाकू पाहणाऱ्याला फिकट चित्र मिळते.

पायरी ८ : जागा आणि निगा

पडद्यासमोर उघडी ट्यूब किंवा रस्त्याकडचे शटर येणार नाही अशी जागा निवडावी, कारण बाहेरच्या सपाट काचेत पडलेले प्रतिबिंब पडद्याच्या पातळीत नसते आणि डोळे दोन खोल्यांमध्ये ओढले जातात. पावसाळ्यात चौकटीत ओल शिरली तर भिंगांच्या आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके धरतात, म्हणून चौकटीच्या सांध्यांना फोमची पट्टी लावून आत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग पालटला की ती बदलावी. शीट पुसण्यासाठी स्पिरिट किंवा अमोनिया असलेले काचेचे द्रव कधीही वापरू नये, त्याने अशा प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. साबणाचा एखादा थेंब टाकलेल्या पाण्यात मऊ कापड भिजवून, घट्ट पिळून, ते भिंगपट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनेच फिरवावे, कारण आडवे घासले की धूळ चरांत जाऊन बसते. चौकट ज्या दिवशी उघडली त्या दिवशी काळ्या-पांढऱ्या नमुन्याची चाचणी पुन्हा घेऊन पिच आणि कोनाचे नवे आकडे भरावेत.